महिनाअखेरचा रक्तदाब

दर महिन्याची पंचवीस तारीख उलटली की माझ्या दवाखान्यात एक गोष्ट हमखास दिसते. रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे नेहमीचे रुग्ण कमी होतात आणि जे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब चढलेला असतो. पहिली काही वर्षे मी याचा संबंध जागरणाशी, लोणच्या-पापडाशी किंवा हवामानाशी लावत होतो. खरे कारण मला रुग्णांच्या घरच्यांनीच सांगितले.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका कचेरीत कारकून असलेले गृहस्थ सपत्नीक आले. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. दोन दिवसांपासून डोके दुखत होते. रक्तदाब पाहिला तर 178/106. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, तरी फारसा फरक नाही.

‘‘गोळ्या चालू आहेत ना?’’ मी विचारले.

‘‘चालू आहेत की, डॉक्टरसाहेब.’’

वहिनींना राहवले नाही. त्या म्हणाल्या, ‘‘एक दिवसाआड घेतात. पाकीट महिनाभर पुरवायचं असतं ना!’’

भाऊसाहेब खाली पाहू लागले. रक्तदाब आणि साखर या दोन्हींच्या गोळ्यांचा त्यांचा खर्च महिना 640 रुपये. तेवढे पैसे पंचवीस तारखेनंतर हातात उरत नव्हते. मी त्यांना रागावलो नाही. ‘‘मोबाइलमध्ये गेल्या महिन्यात कुठे कुठे पैसे दिलेत ते जरा बघू या,’’ एवढेच म्हणालो. कचेरीबाहेरचा चहा-वडा रोज 45 रुपये, असे 24 दिवस. रात्री झोपण्यापूर्वी मागवलेला गाण्यांचा स्पीकर 899. बूट 1,150, घरात दोन जोड असताना. नातवाच्या मोबाइलवरील खेळासाठी 300. चित्रपट दाखवणाऱ्या, पण कोणीच न पाहणाऱ्या वाहिनीची वर्गणी 270. बेरीज झाली 3,699 रुपये. ती पाहून भाऊसाहेब स्वतःच चकित झाले. ‘‘एवढे गेले? मला तर काही घेतल्यासारखं वाटलंच नाही!’’

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. तीन वर्षांपूर्वी सणाच्या सवलतीत, रात्री साडेअकराला, मी बारा हप्त्यांवर चालण्याचे यंत्र मागवले. रुग्णांना ‘रोज मोकळ्या हवेत फिरा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या गॅलरीत आज त्या यंत्रावर बनियन वाळत असतात.

हात सैल का सुटतो?

पाकिटातून शंभराची नोट काढून देताना मनाला थोडे टोचते. ते टोचणेच आपला लगाम असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन संशोधकांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. आपल्याकडे 2016 साली यूपीआय आले आणि आता भाजीवालीच्या गाड्यावरही तो काळा-पांढरा चौकोन असतो. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. यात पैसे सहसा लगेच खात्यातून जातात, उधारी होत नाही. पण नोट हातातून जाताना दिसत नाही, हे मात्र खरे.

दुसरे कारण पोटात आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, भुकेल्या माणसांनी कागदाला लावायचे चिमटे पोट भरलेल्या माणसांपेक्षा जास्त उचलले. चिमटे काही खाता येत नाहीत! भूक लागली की ‘हवे हवे’ ही भावना खाद्यपदार्थांपुरती राहत नाही, असा त्याचा अर्थ.

तिसरे कारण चिंता. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ऊस तुटण्यापूर्वी हात तंगीत असताना आणि उसाचे पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना विचार करायला लावणारी कोडी घातली. तंगीच्या काळात त्यांची कामगिरी कमी पडली. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण पैशाची विवंचना डोक्यात असताना निर्णय चुकतात, हा अनुभव आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकांना नवा नसावा. विवंचनेतून चूक आणि चुकीतून पुन्हा विवंचना, असे ते चक्र आहे. त्याच चक्रात गोळी चुकते.

निग्रहापेक्षा अंतर बरे

‘उद्यापासून उधळपट्टी बंद’ असा निश्चय पुष्कळ जण करतात. तो फार तर चार दिवस टिकतो. रक्तदाबाच्या रुग्णाला मी ‘मिठाचा मोह आवरा’ असे सांगत नाही. ‘जेवताना ताटात वरून मीठ वाढू नका आणि मिठाची बरणी जेवणाच्या जागी आणूच नका’ असे सांगतो. हात पोचला नाही की मोह आपोआप ओसरतो. पैशाचेही तसेच आहे.

माझी आई चौथी शिकलेली होती. फडताळात तिचे चार डबे असत. दूध, किराणा, औषध आणि सणवार. पगार आला की आधी डबे भरायचे आणि मग उरलेल्यात महिना काढायचा. सणाच्या डब्यात पैसे असले तरी औषधाच्या डब्याला हात लागत नसे. माणूस मनातल्या मनात पैशाचे असे वेगळे कप्पे करतो, या विषयावर रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी मोठे काम केले. त्यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आईला यातले काही ठाऊक नव्हते, पण डबे तिला ठाऊक होते.

भाऊसाहेबांना मी गोळ्यांच्या चिठ्ठीखालीच पुढील गोष्टी लिहून दिल्या.

1. पगाराच्या दिवशी पहिली फेरी औषधाच्या दुकानात. सबंध महिन्याच्या गोळ्या एकदम घ्याव्यात. औषधे महाग पडत असतील तर डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. जनऔषधी केंद्रात पुष्कळ गोळ्या बऱ्याच कमी दरात मिळतात.

2. आठ दिवस खर्चाची वही. रात्री जेवण झाल्यावर दिवसभरातला प्रत्येक खर्च लिहावा, पाच रुपयांचा असला तरी. साखरेचे आकडे लिहितो तसेच. स्वतःला दोष देऊ नये, नुसते लिहावे.

3. तीन रात्रींचा नियम. पाचशे रुपयांवरची, निकडीची नसलेली कोणतीही वस्तू मनात आली की तारीख घालून वहीत लिहावी आणि तीन रात्री जाऊ द्याव्यात. पुष्कळ वस्तूंची आठवणही राहत नाही. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा क्रमांक साठवून ठेवू नये आणि सवलतीच्या सूचना बंद कराव्यात. रात्री दहानंतर खरेदी नाही.

4. बाजारात जाताना पोट भरलेले असावे आणि हातात यादी असावी.

5. बचत उरलेल्या पैशातून नको, आलेल्या पैशातून. पोस्टातील पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून सुरू करता येते. रोजचे 20 रुपये वाचले तर महिन्याला 600, वर्षाला 7,200 आणि पाच वर्षांत 36,000 रुपये. त्यावर व्याज वेगळे. ऐन वेळच्या दुखण्याला एवढी रक्कम मोठा आधार देते. गावातला बचत गटही चांगला. भिशी लावायची तर पूर्ण ओळखीच्या माणसांतच लावावी. तिथे पैसे बुडाले तर दाद मागणे अवघड जाते.

हा आजार तर नाही?

डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खर्चाचे वेड कधी कधी दुखण्याचे लक्षण असते. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांनी, काही रुग्णांना खरेदीचा किंवा जुगाराचा अनावर नाद लागतो. काटकसरी आजोबा गोळ्या सुरू झाल्यापासून एकाएकी उधळे झाले असतील, तर त्यांना बोल लावू नका, डॉक्टरांना सांगा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तसेच झोप कमी होऊनही अंगात उत्साह मावत नाही, बोलणे थांबत नाही आणि पैसे वाट्टेल तसे खर्च होतात, अशी अवस्था काही दिवस टिकली तर तो उन्मादाचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. कर्जाच्या ओझ्याने जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.

आणखी एक. ज्या घरात मुळातच मिळकत पुरत नाही, तिथे काटकसरीचे व्याख्यान देऊ नये. एक मोलकरीण बाई गोळ्या चुकवते म्हणून मी एकदा तिला बोललो होतो. ‘‘साहेब, वाचवू कशातनं?’’ एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मीच खजील झालो. तिला सरकारी रुग्णालयातून गोळ्या मिळवून देणे हाच खरा उपाय होता. तो मला आधी सुचायला हवा होता.

भाऊसाहेब दोन महिन्यांनी आले. रक्तदाब 138/86. चहा त्यांनी सोडला नव्हता, वडा सोडला होता. मध्यंतरी एक मनगटी घड्याळ घेतल्याचेही त्यांनी कबूल केले. ‘‘तीन रात्री थांबलो, डॉक्टरसाहेब, तरी चौथ्या दिवशी घेतलंच!’’ मी म्हणालो, ‘‘हरकत नाही, विचार करून घेतलंत ना!’’ वहिनींनी पिशवीतून पोस्टाचे नवे पासबुक काढून दाखवले. त्यात दोनच नोंदी होत्या, प्रत्येकी 500 रुपयांच्या. गोळी मात्र त्या दोन महिन्यांत एकही चुकली नव्हती.

वाचकहो, मोह कोणाला सुटलेला नाही, मलाही नाही. पण रक्तदाबाला महिनाअखेर कळत नाही, आणि चुकलेल्या गोळीची किंमत पक्षाघाताच्या रूपाने मोजावी लागू शकते. म्हणून येत्या एक तारखेला इतर कुठेही जाण्याआधी महिन्याच्या गोळ्या घरी आणा. बाकीचा हिशेब मग सावकाश करता येईल.