मेक (सॉफ्टवेअर)

मेक ही सॉफ्टवेअरच्या बांधणीतील कामे आपोआप पार पाडणारी, आज्ञाओळीवरून चालवली जाणारी आज्ञावली आहे. कोणत्या फाईली बदलल्या आहेत व त्यामुळे कोणत्या फाईली नव्याने तयार करणे आवश्यक आहे हे ठरवून ती तेवढीच कामे करते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत ती लिहिली. युनिक्स व तत्सम संगणकप्रणालींवर ती आजही सर्वत्र वापरली जाते. लिनक्सच्या गाभ्याची बांधणीदेखील मेकच्याच साहाय्याने होते.

पार्श्वभूमी

सी भाषेतील मोठा प्रोग्राम अनेक फाईलींमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक फाईलचे कंपायलरद्वारे ऑब्जेक्ट फाईलमध्ये रूपांतर होते व शेवटी त्या सर्वांची जोडणी केली जाते. दुरुस्ती केलेली एखादी फाईल पुन्हा संकलित करण्याचे राहून गेले, तर जोडणीत जुनीच ऑब्जेक्ट फाईल येते आणि सुधारलेला दोष तसाच दिसत राहतो. याक या साधनाचे कर्ते स्टीफन जॉन्सन यांची एक संपूर्ण सकाळ अशाच, वस्तुतः बिनचूक असलेल्या प्रोग्राममधील चूक शोधण्यात वाया गेली. ते त्राग्याने फेल्डमन यांच्याकडे आले. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी हाच अनुभव आला होता. त्या भेटीतून मेकची कल्पना पुढे आली.

कार्यपद्धती

मेकला द्यावयाच्या सूचना 'मेकफाईल' नावाच्या साध्या मजकूर फाईलमध्ये लिहिल्या जातात. प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात : जी फाईल तयार करावयाची ते लक्ष्य, ते ज्यांवर अवलंबून आहे त्या फाईली, आणि ते तयार करण्याच्या आज्ञा. लक्ष्य अस्तित्वात नसेल किंवा त्याच्या आधारभूत फाईलींपैकी एखादी त्याहून अलीकडे बदललेली असेल, तरच आज्ञा चालवल्या जातात. हीच तपासणी आधारभूत फाईलींनाही लागू होते. लक्ष्याचे नाव न देता मेक चालवल्यास सामान्यतः मेकफाईलमधील पहिले लक्ष्य घेतले जाते.

उदाहरणार्थ, 'हिशोब' हा प्रोग्राम 'मुख्य.ओ' व 'व्याज.ओ' यांवर, आणि त्या अनुक्रमे 'मुख्य.सी' व 'व्याज.सी' यांवर अवलंबून आहेत असे समजू. 'व्याज.सी' बदलल्यास मेक केवळ 'व्याज.ओ' नव्याने बनवते व पुन्हा जोडणी करते, 'मुख्य.ओ'ला हात लावत नाही.

हा सारा निर्णय फाईल बदलल्याच्या वेळेवरून होतो. आतला मजकूर मेक वाचत नाही. दोन्ही सी फाईली 'व्याज.एच' ही शीर्षफाईल वापरत असतील, पण नियमात तिचा उल्लेख नसेल, तर ती बदलूनही मेक काहीच करत नाही. ज्या चुकीपासून सुटका करण्यासाठी हे साधन जन्मले, तीच चूक अशा वेळी अधिक फसव्या रूपात परतते, कारण वापरकर्ता मेकवर विसंबलेला असतो. यावर उपाय म्हणून जीसीसीसारख्या कंपायलरकडूनच अवलंबित्वाची यादी तयार करून घेतली जाते. जाळ्यावरील संगणकांची घड्याळे जुळत नसल्यासही असा घोटाळा होतो.

नियमातील आज्ञेची प्रत्येक ओळ सहसा स्वतंत्र शेलमध्ये चालते. त्यामुळे एका ओळीत बदललेली निर्देशिका पुढील ओळीला लागू राहत नाही.

टॅबचा नियम

आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबने व्हावी लागते. टॅबऐवजी रिकाम्या जागा टंकित केल्यास डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक चूक दाखवून थांबते. नवशिक्यांचा बराच वेळ यात जातो. ही रचना गैरसोयीची असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. मात्र तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते व त्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी ती बदलली नाही. पुढे ग्नू मेकच्या ३.८२ या आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय झाली, परंतु प्रघात टॅबचाच राहिला.

आवृत्त्या व पर्याय

ग्नू मेक ही सर्वाधिक प्रचलित आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन व रोलँड मॅकग्रा यांनी लिहिली. परस्परांवर अवलंबून नसलेली कामे ती एकाच वेळी चालवू शकते. अर्थात नियमांत अवलंबित्व अपुरे नोंदवले असेल, तर त्या उणिवा याच वेळी उघड्या पडतात. बीएसडी प्रणालींची मेक वेगळी आहे. जावासाठी अँट, तर वेगासाठी निंजा ही साधने नंतर आली. सीमेक मात्र स्वतः बांधणी न करता मेकफाईल किंवा निंजाच्या फाईली तयार करून देते.

मेकसाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला.