कुणाच्या पंगतीला?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या गरीब मुलापुढे पहिला प्रश्न जेवणाचा असे. ब्राह्मणाचा मुलगा असेल तर तो माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे: सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ज्याला वार मिळत नसत, त्याने काय करायचं, हे कुणी विचारत नसे. मला वाटतं, त्या काळातल्या विद्यार्थ्याचं ‘आपण कुणाचे’ हे ताटावरच ठरत असे. वर्गात जे एका बाकावर बसत, तेही जेवायला मात्र आपापल्या पंगतीला जात.

म्हणूनच 1905 मधली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकरांना 10 रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढून टाकण्यात आलं. दंड भरता येतो, पण वसतिगृह सुटलं की रात्रीच्या गप्पा, एकत्र वाचन आणि सोबतीचं जेवण हे सगळंच सुटतं. मित्रांपासून तोडणं हीच खरी शिक्षा होती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. जातवार बोर्डिंगांबद्दल आज नाक मुरडणं सोपं आहे. पण ज्याला शहरात कुणी घरात घेत नव्हतं, त्याला हक्काचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं, ते याच रस्त्याने. त्या छपरालाही भिंती होत्या, हेही तितकंच खरं. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडलं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगात राहणारा एक शाळकरी मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून आत यायला सांगितलं गेलं. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील.

सोळा वर्षांनी, 1924 मध्ये, साताऱ्याला त्यांनी स्वतःचं बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही तिथल्या मुलांची रोजची रीत झाली. ज्याच्याबरोबर सकाळी कुदळ धरली, दुपारी त्याच्याशेजारी बसून इतिहास वाचायचा. एका गटातलं असणं म्हणजे काय, हे मला याहून नेमकं कुठे दिसलेलं नाही.

मुलींना हे एकत्र राहणं-जेवणं फार उशिरा आणि फार थोडं मिळालं. घरून येऊन तास संपताच घरी परतणाऱ्या मुलीला रात्रीच्या गप्पा नव्हत्याच. कंपूचा सगळा जीव असतो तो तास सुटल्यानंतरच्या वेळात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा सामाईक माठातलं पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. विद्यार्थ्यांचं सोडाच, प्राध्यापकांच्या खोलीतही पंगत होती. त्याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभं केलं. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिलं, परिसराला नागसेनवन. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारत राहिलेल्या राजाचं नाव महाविद्यालयाला! मराठवाड्यातल्या वस्त्यांमधून आलेली मुलं तिथल्या वसतिगृहात राहिली. गावात ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, ती इथे नाटकात भूमिका करत होती, वादसभेत बोलत होती, एकमेकांचं लिखाण वाचत होती. याच वातावरणात 1960 च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. ज्यांचं लिखाण छापायला कुणी तयार नव्हतं, त्यांना तिथे पानं मिळाली. पुढे अस्मितादर्शचे मेळावे भरू लागले आणि एकमेकांना फक्त छापील नावाने ओळखणारे लिहिते तरुण गावोगावहून एका मांडवात येऊन बसू लागले.