खाणीचं पाणी वावरात घेताना

पऱ्हे तयार आणि पाऊस गायब, अशा दिवसांत शेतकरी मिळेल ते पाणी बांधीत घ्यायला पाहतो. अशाच वेळी कन्हानकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, "साहेब, खाणीचं पानी नाल्यातून फुकट वाहून रायलं. रोवणीले घेऊ का?" हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येईना.

रामटेकच्या शेजारी पारशिवनी तालुक्यात गोंडेगाव, इंदर या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. कोळसा काढायचा तर खाणीत झिरपलेलं पाणी उपसावंच लागतं. म्हणजे खोलातून पाणी वर आणण्याचा खर्च खाणीने केलेलाच असतो; आपला खर्च फक्त नाल्यापासून बांधीपर्यंतचा. एका एकराला 5 सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर पाणी. 10 हजार लिटरचे टँकर लावले तर 20 खेपा! ते परवडणारं काम नाही. पाट काढा, नाहीतर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक पाइपलाइन टाका. उताराने पाणी आलं तर डिझेलही वाचतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शेल खडक फोडून गॅस काढतात. तिथे एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं आणि परत येणारं पाणी अतिशय खारट असतं. ते टँकरने दूर नेऊन टाकण्याचा खर्च डोईजड झाला, तेव्हा कंपन्या तेच पाणी पुढच्या विहिरीला वापरू लागल्या. हिशेब आपलाच आहे, पाणी जितकं लांब न्याल तितकं ते महाग.

आता तपासणी. हे काम बहुतेक जण टाळतात. पाणी नितळ दिसलं म्हणजे चांगलं, असं नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरते, पण ते यंत्रातून गेलेलं असतं. नाल्यातलं तसं नसतं. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, वाहत्या धारेतून लिटरभर नमुना घ्या आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. क्षारता (विद्युत वाहकता) 0.7 च्या आत असेल तर बिनधास्त वापरा. 0.7 ते 3 असेल तर निचरा पाहून, शक्यतो विहिरीच्या पाण्यात मिसळून द्या. 3 च्या वर असेल तर नाद सोडा. उर्वरित सोडियम कार्बोनेटचा आकडाही मागून घ्या, तो 2.5 च्या वर असला की आपली भारी काळी जमीन चोपण होते, मग जिप्सम टाकत बसावं लागतं. नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा, कारण आकडे बदलतात.

दुसरी अडचण भरवशाची. खाणीचा पंप शेतीसाठी चालत नाही. खाण बंद झाली की नालाही आटतो. म्हणून या पाण्यावर धानाची रोवणी करा, हरभऱ्याला एखादं ओलित द्या, पण संत्र्याची बाग लावू नका. शिवाय खाणीच्या उपशाने आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली जाते, ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. ज्याची विहीर आटली त्याच्या बांधीत हे पाणी आधी पोचलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेंचच्या पाण्याचाही इथे संबंध येतो. वर मध्यप्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून आपल्याकडे येणारं पाणी घटलं. 2019 साली तर नागपुरातही पाणीकपात झाली. कोराडीच्या वीज केंद्रासाठी नागपूरचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प उभा राहिला, क्षमता दिवसाला 13 कोटी लिटर. एवढं पाणी म्हणजे रोज सुमारे 640 एकरांची एक पाळी. वीज केंद्राने पेंचचं जे पाणी सोडलं ते कालव्यात किती आलं, हे पाणीवापर संस्थांनी पाटबंधारे खात्याला लेखी विचारावं. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

त्या शेतकऱ्याचा नमुना आम्ही दिला. आकडा 1.1 आला. त्याने अर्धं विहिरीचं, अर्धं नाल्याचं असं पाणी घेऊन रोवणी उरकली.