सरासरी मुक्काम ३० दिवस, मग दहा वर्षं राहिलेली माणसं कुठे गेली?

मनोरुग्णालयात दीर्घकाळ राहणाऱ्या व्यक्तींचे हक्क, असा विषय घेतला की पहिला मोह होतो तो रुग्णालयाच्या नोंदींमधून 'सरासरी मुक्काम' काढण्याचा. आकडा सहज मिळतो, तक्ता छान दिसतो. पण हा आकडा नेमका कोणाबद्दल बोलतो, हे आधी बघायला हवं.

एक काल्पनिक रुग्णालय घ्या. खाटा १००. त्यातल्या ६० खाटांवर दहा वर्षांहून जास्त काळ राहणारी माणसं आहेत. उरलेल्या ४० खाटांवर दर महिन्याला ४० जण येतात, बरे होऊन घरी जातात. म्हणजे वर्षाला डिस्चार्ज झाले ४८०, आणि त्यांचा सरासरी मुक्काम ३० दिवस. अहवाल एकदम झकास! पण ते ६० जण या हिशोबात नाहीतच, कारण मुक्काम मोजला डिस्चार्जच्या वेळी आणि त्यांना डिस्चार्जच मिळालेला नाही.

आता दुसऱ्या पद्धतीने मोजा. एका ठरावीक दिवशी वॉर्डात जाऊन प्रत्येक खाटेवरची व्यक्ती कधीपासून आहे ते लिहून घ्या. दीर्घकाळ राहणारे निघतील ६० टक्के. वर्षभरात उपचार घेतलेल्या सगळ्यांमध्ये (४८० अधिक आत असलेले १००) मात्र त्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच येईल. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. 'इथे येणाऱ्यांचं काय होतं?' हा एक प्रश्न. 'आज आत कोण अडकलंय?' हा दुसरा. हक्कांचा अभ्यास करायचा तर दुसरा प्रश्न टाळता येत नाही. हंस फाउंडेशनच्या २०१९ च्या अहवालात ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी आहे. त्यात आत राहणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोक एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ तिथे होते. हा आकडा समोर आला तो आत असलेल्यांना मोजल्यामुळे.

कायद्याशी याचा संबंध काय? मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम १९ सांगतं की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही म्हणून कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. संमतीविना दाखल केलेल्या व्यक्तीला ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० नुसार पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते: आधी ९० दिवस, मग १२०, पुढे दर वेळी १८० दिवस. मंडळाकडे दाद मागायला कलम २७ खाली मोफत कायदेशीर मदतीचाही हक्क आहे.

म्हणजे फक्त 'किती दिवस?' विचारून भागत नाही. खाटेगणिक आणखी तीन गोष्टी नोंदवा: शेवटचं पुनरावलोकन कधी झालं, राहण्याचं लेखी कारण काय आहे, आणि वकिलाची मदत देऊ केली होती का. 'नातेवाईक नेत नाहीत' एवढंच कारण लिहिलेलं सापडलं, तर कलम १९ नुसार ते कारण पुरेसं नाही. मग आपला प्रश्नही बदलतो. 'घरचे का नेत नाहीत?' याऐवजी 'घराबाहेर राहण्याची सोय कोणी करायची होती, आणि ती का झाली नाही?' असं विचारावं लागतं.

शेवटी संमतीबद्दल. मुलाखत घ्यायची तर कलम ९९ नुसार त्या व्यक्तीची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. अधीक्षकांनी सही दिली म्हणजे काम झालं, असं नाही. ज्याला वर्षानुवर्षं कोणी 'तुला काय हवंय?' असं विचारलं नाही, त्याला 'नाही' म्हणायची खरी मोकळीक मिळते का, हे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा. अशा ठिकाणी हक्क पाळण्याची सुरुवात आपल्या संमतीपत्रापासूनच होते.