एका गाडीचे कुलूप दुसऱ्या गाडीला : काय चालते, काय अंगाशी येते



गाळप हंगाम सुरू झाला की आपले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कधी फडात, कधी वजनकाट्याच्या रांगेत, कधी चहाच्या टपरीसमोर. ड्रायव्हर दमलेला, डोळा लागलेला, आणि गाडी रामभरोसे. यातली बरीचशी वाहने जुनी. नव्या मोटारीला सुरक्षेची सोय कंपनीकडूनच येते. जुन्या गाडीला ती आपणच करायची. मग भंगार बाजारातून कुणाच्या गाडीचा सायरन, कुणाचा चावीचा स्विच, कुणाचा इमोबिलायझर आणायचा आणि गावच्या वायरमनकडून बसवून घ्यायचा, हा उद्योग घरोघरी चालतो. चार पैसे वाचतात, यात वाद नाही. पण कोणती वस्तू कोणत्या गाडीला चालते हे कळले नाही, तर चोर राहतो बाजूला आणि मालकच अडकून बसतो.

तीन वस्तू, तीन कामे

कुलूप चोराला अडवते. अलार्म ओरडतो, पण कुणाला अडवत नाही. इमोबिलायझर ओरडत नाही, फक्त इंजिन चालू होऊ देत नाही. ऐकणारे माणूस जवळ नसेल तर सायरनचा उपयोग शून्य. मळ्यात एकट्या उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला सायरनपेक्षा चांगले कुलूप बरे; दारासमोरच्या मोटारसायकलला सायरनही कामाचा. खरेदीला जाण्याआधी एवढे मनाशी ठरवावे.

चावीचा स्विच बदलताना

दुचाकीत दोन जाती आहेत. काही गाड्यांत चावी बंद केली की बॅटरीकडून कॉइलकडे जाणारी वायर तुटते. मॅग्नेटोच्या करंटवर चालणाऱ्या गाड्यांत याच्या बरोबर उलट असते : चावी बंद केली की करंट अर्थला सोडला जातो आणि म्हणून इंजिन बंद पडते. एका जातीचा स्विच दुसऱ्या जातीला लावला की चावी चालू केल्यावर गाडी बंद आणि बंद केल्यावर चालू, असा तमाशा होतो. बॅटरीचा करंट चुकून मॅग्नेटोच्या सीडीआयमध्ये गेला तर तो जळतोही. वायरींचे रंग जुळले म्हणजे काम जुळले असे नाही. मीटर लावून पाहणारा वायरमन गाठावा.

हँडल लॉकचे प्रकरण याहून नाजूक. झिजलेल्या जुन्या लॉकचा खिळा अर्धवट आत राहिला आणि चालत्या गाडीत पुढे सरकला, तर हँडल जागच्या जागी अडकते. मोटारीच्या स्टिअरिंग लॉकचेही तेच. त्याचे बोल्ट मुद्दाम डोके तुटून पडणारे असतात, कारण ते पुन्हा उघडता येऊ नयेत. छिन्नीने तोडून काढलेला लॉक दुसऱ्या गाडीला साध्या बोल्टने बसवला, तर चोरालाही तो साध्या पान्याने निघतो. इथे काटकसर करू नये. लॉक नवाच घ्यावा.

ट्रॅक्टरचा स्विच बदलताना आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून एक सुरक्षा स्विच असतो. नवा स्विच जुळेना झाला की त्याच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून “चालतंय की” म्हणून काम उरकले जाते. मग कुणी जमिनीवर उभा राहून चावी फिरवतो, गिअर पडलेला असतो, आणि ट्रॅक्टर त्याच्याच अंगावर येतो. चोरी टाळायला जाऊन माणूस गमावण्याची ही वाट आहे. काम झाल्यावर क्लच न दाबता आणि नंतर गिअर टाकून सेल्फ लागतो का, हे मालकाने स्वतः सीटवर बसून, पुढे मोकळी जागा ठेवून तपासावे.

मोटारीचा इमोबिलायझर

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून. आपल्याकडच्या पेट्रोल इंजेक्शनच्या बऱ्याच मोटारींतही तो आहे. त्याचे काम असे : चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. स्विचभोवती तारेचे वेटोळे असते. चावी घातली की त्यातून चिपला शक्ती मिळते आणि ती आपली खूण सांगते. खूण पटली तरच इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी सोडतो.

म्हणून दुसऱ्या गाडीचा नुसता स्विच आणि चावी आणून बसवली तर चावी फिरते, सेल्फही लागतो, पण इंजिन सुरू होत नाही, किंवा क्षणभर चालून मरते. माणसाला वाटते पंप गेला. पंप गेलेला नसतो. ओळख पटलेली नसते. अशा वेळी दोन मार्ग. एक, आपली जुनी चिप स्विचजवळ कायमची चिकटवणे. याने गाडी चालते, पण इमोबिलायझर असून नसल्यासारखा होतो. दुसरा आणि योग्य, अधिकृत कारखान्यातून नवी चावी गाडीला ओळखवून घेणे. कॉम्प्युटरच बदलायचा असेल तर कॉम्प्युटर, इमोबिलायझरची पेटी आणि चावी हे तिन्ही एकाच गाडीचे घ्यावेत.

डिझेलची गोष्ट वेगळी

जुना ट्रॅक्टर आणि जुनी जीप यांचा डिझेल पंप यांत्रिक असतो. एकदा इंजिन सुरू झाले की त्याला विजेची गरज नाही. म्हणून तर आपण स्टॉपर ओढून ते बंद करतो. पेट्रोल मोटारीचा इमोबिलायझर अशा गाडीला लावला तर तो फार तर सेल्फ अडवील. उतारावर किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून इंजिन चालू करणाऱ्याला तो काय करणार? इथे साधा उपायच भारी : डिझेलच्या नळीला कुलपाचा कॉक, स्टॉपर ओढलेल्या स्थितीत अडकवणारे कुलूप, किंवा क्लच आणि ब्रेकचे पेडल जखडणारी सळई. बॅटरीचा कट-ऑफ खटका जोडीला असावा.

आणि चालते इंजिन रिमोटने बंद पाडणारे यंत्र ट्रॅक्टर-जीपला मुळीच बसवू नये. उसाने भरलेल्या दोन ट्रेलरसह घाटात इंजिन बंद पडले, पॉवर स्टिअरिंग जड झाले, जीपच्या ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

सायरन आणि बॅटरी

जुन्या काही मोटारसायकली ६ व्होल्टच्या, ट्रॅक्टर १२ चे, मोठे ट्रक २४ चे. १२ चा सायरन ६ वर कुजबुजतो आणि २४ वर जळतो. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस अर्थला असतो, तिथे आजचा अलार्म जोडताच खराब होईल.

अलार्म झोपेतही वीज खातो. समजा तो २० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर होतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर तीन महिने उभा राहिला तर सुमारे ४३ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ७५ च्या बॅटरीतले निम्म्याहून अधिक. हंगामाच्या तोंडावर बॅटरी बसली म्हणून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. गाडी उभी करताना कट-ऑफ काढावा.

कागद जपा

जुना सुटा भाग पावतीशिवाय घेऊ नये. माल चोरीचा आहे हे माहीत असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी बहुधा दोन्ही चाव्या मागते. कुलूप बदलले असेल तर त्याची पावती, जुन्या चाव्या आणि कंपनीला लेखी कळवल्याची पोच एकत्र ठेवा. नाहीतर “ही चावी या गाडीची नाही” एवढ्यावर दावा लटकतो.

चोरी झालीच तर आधी पोलीस ठाणे, आणि त्याच दिवशी विमा कंपनी. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी एका ट्रॅक्टरच्याच चोरीच्या प्रकरणात निकाल दिला : फिर्याद तत्काळ दिलेली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा नाकारता येत नाही. म्हणजे फिर्यादीची वेळ हाच आपला मोठा आधार.

ट्रॅक्टर गेला तर नुसते लोखंड जात नाही. कर्जाचा हप्ता राहतो, वाहतुकीचा करार राहतो आणि ऊस फडात वाळतो. तेव्हा मंडळी, हंगामाआधी गाडीचे ऑइल बदलता तसे एकदा कुलपाकडेही बघा.