डबल शॉकर सायकल : उभ्या गाडीवरचे माप फसवे

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर अंतरावर चिंचोळी एमआयडीसी आहे. पहिल्या पाळीसाठी येणाऱ्यांत बस आणि मोटारसायकलींबरोबर आसपासच्या वस्त्यांमधून सायकलीने येणारेही असतात. पूर्वीच्या काळ्या, भक्कम सायकलींची जागा आता रेंजर पद्धतीच्या गिअरच्या सायकलींनी घेतली आहे, आणि त्यांतही पुढे-मागे शॉकर असलेल्या, बोलीत 'डबल शॉकर' म्हणवल्या जाणाऱ्या सायकलींचे आकर्षण मोठे आहे. या सायकलींची एक तक्रार मात्र नेहमीची. दुकानात गिअर व्यवस्थित लावून घेतला, चाक हवेत उचलून फिरवले तेव्हा आवाजही नव्हता. रस्त्यावर खड्डा लागला की मागे खडखड सुरू होते. कधी चेन उसळते, कधी गिअरचा सांगाडा आऱ्यांना घासतो. एखाद्या दिवशी तो आऱ्यांत अडकतो आणि मागचे चाक जागच्या जागी जाम होते. मागून कंटेनर येत असताना असे घडणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणूनच या बिघाडाकडे केवळ आवाजाची कटकट म्हणून पाहता येत नाही.

मागच्या चाकाजवळ लोंबकळणाऱ्या या यंत्राला डिरेलर म्हणतात. त्यातील दोन लहान पुली चेनला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेतात. गिअर पटकन बदलावा यासाठी वरची पुली चकत्यांच्या जितकी जवळ तितके चांगले. पण दात पुलीला टेकता कामा नयेत, आणि सर्वांत मोठ्या चकतीवर असताना सांगाडा आऱ्यांना लागता कामा नये. सारा खेळ या थोड्याशा मोकळ्या जागेचा, म्हणजे क्लिअरन्सचा आहे. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीने १९५१ मध्ये समांतरभुज चौकटीचा डिरेलर बाजारात आणला, तेव्हा पुली सरळ आडवी सरकत असे. चकत्या मात्र शंकूसारख्या लहान-मोठ्या असल्याने अंतर कुठे फार, कुठे कमी पडे. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये ही चौकट तिरपी केली आणि पुली चकत्यांच्या उताराला धरून सरकू लागली. आजचे बहुतेक डिरेलर या तिरप्या चौकटीचेच वंशज होत.

साध्या सायकलीत हे अंतर एकदा बसवले की ते सहसा टिकते, कारण पेडलचा आस आणि मागच्या चाकाचा आस यांतील अंतर कायम असते. डबल शॉकरमध्ये नेमके हेच गृहीत चुकते. मागची चौकट एका खिळीभोवती फिरते, आणि शॉकर दबला की बहुतेक रचनांत चाकाचा आस पेडलपासून थोडा दूर जातो. ही वाढ रचनेनुसार काही मिलिमीटरपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत असू शकते. आस एक सेंटिमीटर मागे गेला तर चेनच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजू मिळून सुमारे दोन सेंटिमीटर जादा चेन लागते. ती डिरेलरलाच पुरवावी लागते. तो पुढे ताणला जातो आणि ताणला गेला की पुलीची जागा बदलते. स्टँडवर टांगलेल्या सायकलीवर घेतलेले माप म्हणूनच फसवे असते. खरे माप स्वार बसल्यावरचे.

तरीही स्क्रू फिरवण्याआधी हँगर तपासावा. डिरेलर ज्या लहानशा कानावर बसतो तो हँगर. बऱ्याच सायकलींत तो मुद्दाम नरम अॅल्युमिनियमचा करतात, जेणेकरून धक्का बसला तर महागडी चौकट वाचावी आणि हा कान वाकावा. सायकल उजव्या बाजूवर पडली, किंवा सायकलींच्या गर्दीत कोणी ओढून काढली, तरी तो आत वाकतो. अशा हँगरवर स्क्रू पिळत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

स्वस्त सायकलींत आणखी एक पंचाईत असते. त्यांचा हँगर चौकटीचा भाग नसून मागच्या आसाच्या नटखाली दाबलेली एक पट्टी असतो. वेड्या बाभळीचे काटे सोलापूर परिसरातल्या सायकलस्वाराला नवे नाहीत. ट्यूब किंवा टायर बदलण्यासाठी चाक काढले, परत बसवताना नट घाईने आवळला, की पट्टी थोडी फिरते, चाकही क्वचित तिरके बसते. संध्याकाळी काढलेल्या पंक्चरचा दोष दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरच्या माथी येतो. चाक खाचेत पूर्ण मागेपर्यंत बसले आहे आणि पट्टी जागेवर आहे, हे पाहून मगच नट आवळावा.

हँगर सरळ आहे का, हे मोजण्याचे खास गेज मिळते, पण ते नसल्यास एक जुनी युक्ती उपयोगी पडते. हँगरचे आटे सामान्यतः १० मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर पिचचे असतात. बाजारातला साधा १० मिलिमीटरचा बोल्ट दीड मिलिमीटर पिचचा असल्याने तो येथे चालत नाही. जबरदस्तीने पिळल्यास आटे जातात. मात्र मागच्या चाकांचे अनेक आस याच बारीक पिचचे असतात. डिरेलर काढून दुसऱ्या चाकाचा असा आस हँगरमध्ये हाताने फिरवला की दोन चाके शेजारी शेजारी उभी राहतात. वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी दोन्ही रिममधील अंतर मोजावे. फरक तीन-चार मिलिमीटरच्या आत असला तर हँगर ठीक. चिंचोळीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखे कारखाने आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. फक्त ते स्वतःच्या सायकलीवर करण्याचे सुचत नाही, इतकेच. थोडा वाकलेला हँगर सावकाश सरळ करता येतो, पण अॅल्युमिनियम वारंवार वाकवल्यास चिरते. तेव्हा नवा घालणेच शहाणपणाचे.

त्यानंतर 'एल' खुणेचा स्क्रू. डिरेलर आत, आऱ्यांकडे किती जाऊ शकेल याची हद्द हा ठरवतो. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन आणून डिरेलर हाताने आत ढकलून पाहावा. तो चकतीपलीकडे सरकत असेल तर स्क्रू आवळावा. आऱ्यांपासून निदान दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, कारण भार आल्यावर चाकही थोडे लवचिक होते.

वरच्या पुलीचे मोठ्या चकतीपासूनचे अंतर 'बी' स्क्रूने ठरते. तो आवळला की अंतर वाढते. नेहमीच्या सात ते नऊ चकत्यांच्या संचाला पाच-सहा मिलिमीटर पुरेसे असतात. पन्नासहून अधिक दातांच्या आधुनिक चकत्यांसाठी उत्पादकांचे वेगळे माप आणि गेज असते, तेच पाळावे. डबल शॉकरवर हे काम दोघांचे आहे. एकाने भिंतीला हात टेकून सायकलीवर बसावे. त्याच्या वजनाने शॉकर दबतो, डोंगरी वापराच्या सायकलीत साधारण पाव ते तीस टक्के. दुसऱ्याने त्या स्थितीत बाजूने पाहून अंतर मोजावे. चाक फिरत असताना बोटे आत घालू नयेत, हे सांगायची गरज नसावी. पण बोट गमावलेले लोक आहेत.

चेनच्या लांबीची चूक सर्वांत महागात पडते. चेन बदलताना जुन्या चेनइतक्या कड्या मोजून नवी तोडणे, ही दुकानांतली रीत. जुनीच आखूड असेल तर नवीही आखूड. योग्य पद्धत अशी : हवेचा शॉकर असल्यास व्हॉल्व्हमधून हवा सोडावी, स्प्रिंगचा असल्यास स्प्रिंग जाणकाराकडून उतरवून घ्यावी आणि चौकट हळूहळू दाबत दोन आसांमधले अंतर सर्वाधिक होते ते ठिकाण शोधावे. त्या स्थितीत चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून फिरवावी, आणि जुळेल त्या लांबीत एक इंच, म्हणजे दोन कड्या, वाढवून तोडावी. आखूड चेन मोठ्या खड्ड्यात डिरेलर पुढे खेचून हँगरसकट उपटते. हवेच्या शॉकरची नळी मात्र आत दाब असताना कधीही उघडू नये.

गिअरच्या केबलचे आवरणही पाहावे. चौकट फिरते तेथे त्याला सैल वळण हवे. ते ताठ असेल तर प्रत्येक धक्क्याला केबल ओढली जाते आणि गिअर आपोआप बदलतो. पुष्कळदा डिरेलर बदलूनही न गेलेला दोष वीतभर आवरणाने गेला आहे.

हँगरच्या शेकडो आकारांच्या गोंधळावर उपाय म्हणून स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये एकच सामाईक हँगर पुढे आणला, आणि २०२३ मध्ये तर हँगरच वगळून थेट आसावर बसणारा डिरेलर आणला. पण हे महागड्या सायकलींचे झाले. कामावर येणाऱ्याने आपल्या सायकलीचा हँगर एकदा काढून, त्याच आकाराचा दुसरा मिळवून, सीटखालच्या पिशवीत ठेवावा. नमुना हातात नसताना दुकानदारही तो ओळखू शकत नाही.