गंगाराम तांबट आणि इंग्रजांची जलरंगचित्रे

आमच्या आचऱ्याच्या खाडीत होडी घालायची तर डोळे शाबूत हवेत. खाडीच्या तोंडाशी वाळू सरकत असते. काल जिथे पाणी होते तिथे आज रेव लागते. पण आमचा तांडेल नकाशा उघडून बसत नाही. तो लांबचा डोंगर पाहतो, किनाऱ्यावरचा एखादा उंच माड हेरतो, आणि ही दोन्ही एका रेषेत आली की सुकाणू फिरवतो. एका वयस्क तांडेलाने हे मला एकाच वाक्यात समजावून दिले होते : "मास्तरानू, डोंगर त्या माडार इलो काय खाडीचा तोंड गावता."

हेच ज्ञान इंग्रज दर्यावर्दी कागदावर उतरवून ठेवीत. आपला किनारा त्यांना परका होता. इथला माड आणि इथला डोंगर ओळखणारी आजी-आजोबांची शिकवण त्यांच्या पाठीशी नव्हती. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, आणि थोड्याच काळात तो करवीरकरांना परतही केला. पुढे १७८७ पासून जॉन मॅक्लुअर याने या पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. अशा पाहणीतून जसा नकाशा तयार होई, तशी समुद्रावरून दिसणाऱ्या किनाऱ्याची चित्रेही काढण्याची त्या काळी रीत होती. चित्र कसले, एक लांबट पट्टीच ती. डोंगरांच्या माथ्यांची वेडीवाकडी रेघ, मध्येच एखादे देऊळ किंवा बुरूज, आणि वर पातळ रंगाचा एक हात. दिसायला अगदी साधी. पण तिच्यात चूक झाली तर गलबत खडकावर!

आता तुम्ही म्हणाल, तोफा आणि गलबते हाकणाऱ्या माणसांना चित्रकला कुणी शिकविली? तर ती त्यांना शाळेतच शिकविली जाई. इंग्लंडात वूलिच येथे तोफखान्याच्या आणि इंजिनियर खात्याच्या अधिकाऱ्यांची शाळा होती. पॉल सँडबी हा नामांकित चित्रकार १७६८ पासून तिथे ड्रॉइंग मास्तर होता. पुढे १८०९ मध्ये कंपनी सरकारने ॲडिसकोंब येथे आपली स्वतःची लष्करी शाळा काढली, तिथेही ड्रॉइंगचा तास असेच. शत्रूचा किल्ला, नदीचा उतार, घाटातली वाट हे सारे पाहून हुबेहूब काढता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. कॅमेरा अजून जन्माला यायचा होता. तेव्हा इंग्रजांची ही चित्रे केवळ हौसेपोटी निघाली असे कुणी सांगू लागला तर ते अर्धेच खरे मानावे. हौसही होती, बरे का. जेम्स फोर्ब्स नावाचा एक पोरगेला कारकून १७६६ साली मुंबईस आला. पुढे कितीतरी वर्षे तो आपले पक्षी, झाडे, फुले, माणसे चितारीत राहिला, आणि त्या चित्रांतून नि पत्रांतून त्याने १८१३ साली चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पण लष्कराची गरज आणि माणसाची हौस या दोन्ही गोष्टी एकाच रंगपेटीत नांदत होत्या.

ही रंगपेटी म्हणजे काय हेही पाहू. पूर्वी चित्रकाराला रंग स्वतः खलावे लागत. विल्यम रीव्ह्ज याने पाण्यात सहज विरघळणाऱ्या रंगाच्या वड्या तयार केल्या, आणि १७८१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याचा गौरव केला. खिशात मावेल एवढी पेटी, एक ब्रश आणि वाटीभर पाणी. घोड्यावरून उतरावे, झाडाखाली बसावे आणि काम सुरू करावे! जलरंगाची खुबी अशी, की रंग पातळ असतो आणि खालचा पांढरा कागद त्यातून उजेडासारखा दिसतो. ऊन दाखवायचे तर तिथे कागद मोकळा सोडायचा. आपल्याकडचे जुने चित्रकार रंगात पांढरा किंवा गोंद कालवून तो दाट करीत आणि कागद झाकून टाकीत. त्यांचा रंग रत्नासारखा चमके, इंग्रजांचा धुक्यासारखा पसरे. एक चांगली आणि दुसरी वाईट असे मी म्हणणार नाही. दोन निरनिराळ्या सवयी होत्या एवढेच. पण १७९० च्या सुमारास पुण्यात या दोन सवयी एकाच माणसाच्या हातात आल्या, आणि खरे म्हणजे त्या माणसाविषयी सांगण्यासाठीच मी आज आलो आहे.

त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडविणारा, हे आपणांस सांगायला नकोच. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणिसांचा होता. संगमावर चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील राहत असे. या मॅलेटला इथल्या सगळ्या गोष्टींची माहिती हवी असे. ती वकिलाला हवीच असते! त्याने गंगारामाला कामास लावले. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र गंगारामाने नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेले आहे. यातली गंमत लक्षात घ्या. युरोपात जवळजवळ अडीचशे वर्षे लोक गेंडा ओळखीत तो ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५१५ सालच्या चित्रावरून, आणि ड्यूररने गेंडा स्वतः कधी पाहिलाच नव्हता. त्याने ऐकीव माहितीवरून जनावराला जणू चिलखत चढविले. आमचा गंगाराम मात्र गेंड्यासमोर उभा राहून चित्र काढीत होता.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईस आला आणि पुढल्या वर्षी पुण्यास. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. नाना फडणिसांचा सडपातळ, गंभीर चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो बव्हंशी या वेल्सच्या कृपेने. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली, आणि वेल्स तिच्यावर देखरेख करी. शनिवारवाड्यात ड्रॉइंगचा वर्ग! १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला, तट आणि दरवाजे तेवढे उरले. त्यामुळे आज तिथे उभे राहून ही गोष्ट खरी वाटत नाही.

गंगारामाचे मोठे काम वेरूळचे. मॅलेटने त्याला तिकडे पाठविले. कैलास लेणे, त्याचे खांब, त्याच्या मूर्ती त्याने मन लावून रेखाटल्या. वेरूळच्याच लेण्यात, आपल्या गुरूसमवेत, त्याने स्वतःलाही एका चित्रात काढले आहे. मॅलेटने वेरूळचे वर्णन लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविले. ते तिच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात छापले गेले, आणि त्यासोबत गंगारामाच्या रेखाटनांचा उपयोग झाला. १७९५ साली गंगारामाने पुण्याच्या पर्वतीचे एक सुंदर दृश्य काढले. आज पर्वतीला चोहोंकडून शहराने वेढले आहे. हे चित्र पाहिले म्हणजे ती टेकडी पेशव्यांच्या डोळ्यांना कशी दिसत होती ते कळते. बखरीतून हे कळत नाही. बखर लढाया सांगते, सनावळ्या सांगते. टेकडी केवढी दिसे ते सांगत नाही.

त्याच १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यातून खाली पडून वारले आणि नोव्हेंबरात वेल्सही तापाने गेला. तो डाव तिथेच मोडला. वेल्सचे कागद थॉमस डॅनियल या लंडनच्या चित्रकाराकडे गेले. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ पासून १७९३ पर्यंत हिंदुस्थानात फिरून चित्रे काढली होती आणि त्यांवरून १४४ छापील चित्रांचा मोठा संच प्रसिद्ध केला. त्यात २४ चित्रांचा वेरूळचा भाग १८०३ साली निघाला. या छपाईला ॲक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग तेजाबात सोडायचा. राळेच्या कणांमधून तेजाब पत्रा खाते आणि बारीक खरबरीत पृष्ठ तयार होते. त्यावर शाई धरली की कागदावर जलरंगाच्या हातासारखी छाया उमटते. जास्त वेळ बुडविले तर गडद, कमी वेळ बुडविले तर फिकट. शेवटी हाताने रंग भरीत. म्हणजे पुण्याच्या तांबटाने जे लेणे रेखाटले, ते लंडनला तांब्याच्याच पत्र्यावरून छापले गेले! मात्र त्या संचावर नावे आहेत जेम्स वेल्सचे आणि थॉमस डॅनियलचे. डॅनियल तर वेरूळला गेलाच नव्हता.

मला इथे रडगाणे गायचे नाही. वेल्स कष्टाळू होता, आणि लेण्यांचे काम करता करताच त्याने प्राण सोडला. पण वेरूळकडे पाहणारा पहिला 'इंग्रजी' डोळा म्हणून जे आपण वाखाणतो, त्यात एका मराठी माणसाचाही डोळा होता, ही गोष्ट आपल्या मुलांना कळली पाहिजे असे मला वाटते. आणि दुसरे असे, की ही चित्रे डोळे झाकून खरी धरू नयेत. विल्यम गिल्पिन या पाद्र्याने त्या काळी इंग्लंडात एक मत रूढ केले होते, की देखावा 'चित्रासारखा' दिसला पाहिजे. पुढे एक वाकडे झाड हवे, पडकी भिंत हवी, चार माणसे बसलेली हवीत. म्हणून त्या काळच्या छापील चित्रांत मोडकळीस आलेले देऊळ जरा जास्तच मोडके दिसते. झाडही कधी सोयीने उगवते. वर्गात असे चित्र दाखविताना गुरुजींनी मुलांना जरूर विचारावे : यातले कोणते झाड खरे आणि कोणते नंतर लावलेले?

गंगारामाची बरीच चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. पॉल मेलन या धनिकाच्या देणगीतून उभे राहिलेले हे संग्रहालय १९७७ साली उघडले. सवाई माधवराव आणि नाना यांचे वेल्सने काढलेले चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तिकडे जाण्याचे भाडे आपल्यापैकी किती जणांपाशी असणार? पण आता यांतली बरीच चित्रे मोबाइलवर पाहता येतात, तेव्हा आचऱ्याच्या शाळेलाही पर्वती दूर नाही.

पुढे कॅमेरा आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, ॲडिसकोंबची शाळा १८६१ मध्ये बंद पडली, आणि अधिकाऱ्यांच्या हातातला ब्रश हळूहळू सुटला. आमच्या शाळांत ड्रॉइंगचा तास राहिला, पण तो कसला? मी ज्या शाळेत शिकलो तिथे आम्हांला छापील कार्डे देत. त्यावरचे कमळ, त्यावरचा पोपट वहीत उतरवायचा. खिडकीबाहेर खाडी, भरती, सुकत घातलेली जाळी. ती काढा असे कोणी म्हणाले नाही. एकदा मी न सांगता काढली, तर कार्डावर नाही म्हणून गुण मिळाले नाहीत.

परवा सुटीत घरी गेलो असता मी होडीतून आमच्या किनाऱ्याची ती इंग्रजी तऱ्हेची पट्टी काढून पाहिली. डोंगराची रेघ, रामेश्वराच्या दिशेची झाडी, माडांची रांग, वर निळसर हात. मला ती बरी साधल्यासारखी वाटली. तांडेलाला दाखविली. त्याने कागद हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि किनाऱ्याशी ताडून पाहिला. "चित्र बरा आसा, मास्तरानू," तो म्हणाला, "पण आमचो तो उंच माड खंय? ह्येच्यावर इस्वास ठेवलो तर होडी खडपार जातली."

खरेच की. रांग एकसारखी दिसावी म्हणून तो माड मी गाळला होता.